बिअर-चोथा : शुष्कन व खाद्यमूल्य

बिअर तयार करताना माल्ट केलेल्या सातूचा (बार्लीचा) भरडा गरम पाण्यात मुरवितात व त्यातील शर्करायुक्त अर्क गाळून घेतात. मागे राहणाऱ्या टरफलयुक्त ओल्या अवशेषास बिअर-चोथा म्हणतात. दर १०० लि. बिअरमागे सुमारे २० किग्रॅ. ओला चोथा निघतो. त्यात ७५ ते ८० टक्के पाणी असते. सातूतील बहुतेक सर्व स्टार्च शर्करेच्या रूपाने अर्काबरोबर निघून गेल्यामुळे टरफलातील तंतू, प्रथिने व मेद ही द्रव्ये चोथ्यात दाटून राहतात. मूळ सातूत प्रथिने १० ते १२ टक्के असतात, तर चोथ्याच्या शुष्क भागात ती २० ते ३० टक्के आढळतात. डुकरे व कोंबड्या यांना एवढा तंतू पचविता येत नाही. गाई, म्हशी, मेंढ्या व शेळ्या या रवंथ करणाऱ्या जनावरांना तो पचतो. त्यामुळे बिअर-चोथा हे प्रामुख्याने त्यांचे खाद्य ठरले आहे.

ओला चोथा उबदार असतो, त्यात थोडी शर्करा शिल्लक असते आणि हवा लागताच तो आंबू लागतो. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत त्यावर बुरशी दिसते. शिवाय त्याची वाहतूक म्हणजे मुख्यतः पाण्याचीच वाहतूक होय. तो वाळविला म्हणजे टिकतो, पोत्यांत भरता येतो व दूरच्या बाजारात विकता येतो. परंतु वाळविण्यास उष्णता लागते आणि उष्णतेने प्रथिनांत बदल होतात. हे बदल जनावराच्या हिताचे की अहिताचे, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्या काळात कारखानदार, शेतकरी व रसायनशास्त्रज्ञ हे तिघेही एकाच आकड्यावर विसंबून होते आणि तो आकडा या प्रश्नाबाबत मुका होता.

ओल्या चोथ्याचा काळ : अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत लंडनमध्ये शहराच्या आतच मोठे गोठे होते. इझ्लिंग्टन भागातील गवळी बिअरच्या कारखान्यांतून ओला चोथा विकत घेत. यांत्रिक शीतकरण उपलब्ध होण्यापूर्वी बिअर प्रामुख्याने थंडीच्या महिन्यांत बनविली जाई, त्यामुळे हिवाळ्यात चोथा मुबलक व उन्हाळ्यात दुर्मिळ असे. यावर गवळ्यांनी काढलेली तोड सोपी होती. जमिनीत खड्डे खणून त्यांत चोथा पायांनी घट्ट तुडवून भरावयाचा व वरून झाकावयाचा. आज ज्यास मुरघास म्हणतात त्याचाच हा एक प्रकार होय. हवा कोंडली गेल्याने अम्ल तयार होऊन चोथा कित्येक महिने टिके. उष्णतेचा यात कोठेच संबंध नव्हता, हे पुढील हकीकतीच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १८६५-६६ मध्ये बुळकांडीच्या (रिंडरपेस्ट) साथीने लंडनचे गोठे उद्ध्वस्त केले. रेल्वेने खेड्यांतून दूध येऊ लागले व गाई कारखान्यांपासून दूर गेल्या. गाय दूर गेली म्हणजे ओला चोथा तिच्यापर्यंत पोचणे कठीण होते. शुष्कनाची निकड येथून निर्माण झाली.

अमेरिकेत या खाद्याची कीर्ती निराळ्या कारणाने झाली. न्यूयॉर्क शहरात मद्यार्काच्या भट्ट्यांलगतच्या कोंदट गोठ्यांत गाई जन्मभर बांधून ठेवीत आणि भट्टीतून निघालेला कढत पातळ अवशेष पन्हळांतून थेट त्यांच्यापुढे सोडीत. या गाईंचे निळसर पातळ दूध खडू वगैरे मिसळून विकले जाई. रॉबर्ट हार्टली या समाजसुधारकाने १८४२ मध्ये दुधावरील ग्रंथ प्रसिद्ध करून शहरातील बालमृत्यूंशी त्याचा संबंध दाखविला. १८५८ मध्ये फ्रँक लेस्ली यांच्या सचित्र साप्ताहिकाने गोठ्यांची चित्रे छापली, तेव्हा मोठी खळबळ उडाली. १८६२ मध्ये राज्य विधिमंडळाने अशा दुधाविरुद्ध कायदा केला. दोष मुख्यतः घाणीचा, आजारी जनावरांचा व भेसळीचा होता. वैरणीची जोड न देता केवळ पातळ अवशेषावर गाय ठेवणे हाही अपराधच होता. मात्र लोकमताने सगळा ठपका अवशेषावर ठेवला. ‘भट्टीचे खाद्य’ हा शब्द बदनाम झाला. वाळवून पोत्यांत भरलेले, कोरडे व खमंग वासाचे खाद्य पुढे बाजारात आले तेव्हा ग्राहकाला ते स्वच्छतेची हमी वाटले, यात नवल नाही.

शुष्कन उद्योगाचा आरंभ : चोथा यंत्राने वाळविण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत जर्मनीत उभा राहिला. त्याचे गणित प्रथमपासूनच अवघड होते. ७८ टक्के पाणी असलेल्या एक टन चोथ्यात शुष्क भाग २२० किग्रॅ. असतो. १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळविल्यास सुमारे २४४ किग्रॅ. माल हाती येतो, म्हणजे ७५६ किग्रॅ. पाणी घालवावे लागते. केवळ त्या पाण्याची वाफ करण्यास १७ लाख किलोज्यूल उष्णता हवी. यंत्रातून वाया जाणारी उष्णता निराळीच. म्हणून चोथा प्रथम स्क्रू-दाबयंत्रात पिळून काढीत. ओलावा ६५ टक्क्यांवर आला म्हणजे वाफ करावयाचे पाणी निम्म्यावर येते. मात्र पिळलेल्या पाण्याबरोबर विद्राव्य प्रथिने व बारीक कण निघून जातात. नंतर वाफेच्या नळ्या असलेल्या फिरत्या पिंपातून चोथा नेत. पुढे भट्टीचे उष्ण वायू थेट मालावर सोडणारी पिंपेही आली. ती स्वस्त व वेगवान होती, पण मालाचे तापमान त्यांत सहज हाताबाहेर जाई.

कोळशाची बचत करावयाची तर पिंपात तीव्र उष्णता देऊन माल लवकर बाहेर काढणे फायद्याचे. करपलेला माल किंचित हलका भरतो एवढाच कारखानदाराचा तोटा. जनावराच्या तोट्याची नोंद कोणत्याही वहीत होत नव्हती.

या धंद्याच्या आर्थिक इतिहासातील एक प्रकरण जर्मनीत दीर्घकाळ गाजले. कासेल येथे चोथा वाळविण्यासाठी स्थापन झालेल्या भागभांडवली कंपनीने सुरुवातीस डोळे दिपविणारे लाभांश वाटले. पुढे ती चोथा सोडून लाकडाच्या शुष्क ऊर्ध्वपातनात शिरली आणि उपकंपन्यांचे जाळे विणून नफ्याचे आकडे फुगवू लागली. तिला बेसुमार कर्जे देणाऱ्या लाइपसिग बँकेने जून १९०१ मध्ये व्यवहार बंद केले व ती बुडाली. त्या वर्षीच्या जर्मन आर्थिक मंदीतील हा सर्वांत मोठा धक्का होता. गुरांच्या खाद्याच्या नावाने निघालेली कंपनी एका प्रतिष्ठित बँकेला घेऊन बुडावी, हा प्रकार विलक्षणच म्हटला पाहिजे.

क्येल्डाल यांचा आकडा : खाद्याची रासायनिक परीक्षा करण्याची रूढ रीत याच काळात पक्की झाली. गटिंगेनजवळील व्हेंडे येथील प्रयोगकेंद्रात व्हिल्हेल्म हेनेबेर्ख व फ्रीड्रिख श्टोमान यांनी १८६०–७० या दशकात खाद्याचे पाणी, राख, मेद, कच्चा तंतू व कच्चे प्रथिन असे भाग पाडून मोजण्याची पद्धती बसविली. प्रथिन थेट मोजीत नसत. खाद्यातील नायट्रोजन मोजून त्यास ६·२५ ने गुणीत, कारण प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो. नायट्रोजन मोजण्याची जुनी रीत किचकट होती. ती सुलभ केली योहान क्येल्डाल (१८४९–१९००) या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने, १८८३ मध्ये. ते कोपनहेगनच्या कार्ल्सबेर्ग प्रयोगशाळेत रसायन विभागाचे प्रमुख होते. ही प्रयोगशाळा बिअर उत्पादक जे. सी. याकोबसेन यांनी १८७५ मध्ये स्थापन केली होती. सातू व माल्ट यांतील प्रथिनांत बिअर बनविताना काय फरक पडतो हे पाहण्यासाठी क्येल्डाल यांना जलद रीत हवी होती. नमुना संहत सल्फ्यूरिक अम्लात उकळला म्हणजे त्यातील नायट्रोजनाचे अमोनियम लवण बनते. मग अल्कली घालून अमोनिया ऊर्ध्वपातित करतात व मोजतात.

ही रीत जगभर पसरली आणि पशुखाद्याचा भाव तिच्यावर ठरू लागला. पण उकळते सल्फ्यूरिक अम्ल कोवळ्या दाण्यातील नायट्रोजन, करपलेल्या चोथ्यातील नायट्रोजन व चामड्यातील नायट्रोजन यांत भेद करीत नाही. गाईच्या आतड्यात तो भेद होतो. बिअरच्या कारखान्यासाठी शोधलेली कसोटीच बिअरच्या चोथ्यावर झालेला उष्णतेचा आघात झाकून टाकीत होती. क्येल्डाल यांचा यात काही दोष नाही. त्यांनी मोजावयाचे ते अचूक मोजले. ज्यांनी नायट्रोजनाच्या आकड्याला निःशंकपणे ‘प्रथिन’ हे नाव दिले त्यांनी घोटाळा केला.

तपकिरी रंगाचे रसायन : उष्णतेने पदार्थ तपकिरी का होतात याची पहिली सूचनाही बिअर-रसायनातूनच आली. इंग्लंडमधील आर्थर लिंग यांनी १९०८ मध्ये माल्टविषयक व्याख्यानात, भट्टीत माल्ट वाळताना शर्करा व ॲमिनो संयुगे यांच्या संयोगाने रंग व वास निर्माण होत असावा, असे मांडले. चार वर्षांनी, १९१२ मध्ये, ल्वी कामीय मायार (१८७८–१९३६) या फ्रेंच वैद्य-रसायनज्ञाने ग्लुकोज व ग्लायसीन यांचे विद्राव एकत्र तापवून तपकिरी पदार्थ व कार्बन डाय-ऑक्साइड मिळतो हे दाखविले. या विक्रियेस त्यांचेच नाव मिळाले. भाकरीवरील डाग, कॉफीचा रंग, आटीव दुधाचा तांबूसपणा हे सर्व तिचेच परिणाम. विक्रियेच्या टप्प्यांची सुसंगत मांडणी मात्र १९५३ मध्ये जॉन हॉज यांनी अमेरिकेतील पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेतून केली.

प्रथिनांतील बहुतेक ॲमिनो गट एकमेकांशी बांधलेले असतात. लायसीन या ॲमिनो अम्लाचा टोकाचा गट तेवढा मोकळा असतो व शर्करा प्रथम त्याच्यावरच हल्ला करते. सुरुवातीच्या टप्प्यात लायसीन शर्करेशी जोडले जाते. ते रासायनिक विश्लेषणात अंशतः परत मिळते, पण प्राण्याला वापरता येत नाही. नंतरच्या टप्प्यांत साखळ्या परस्परांत गुंतून गडद, अविद्राव्य असे बहुवारिक पदार्थ तयार होतात व त्यांवर पाचक एंझाइमांची मात्रा चालत नाही. असे अडकलेले लायसीन ओळखण्याची उपयुक्त रीत केनेथ कार्पेंटर यांनी १९६० मध्ये दिली.

पिंपात हा बदल केव्हा घडतो हे समजून घेणे आवश्यक आहे. दाणा ओला असेपर्यंत बाष्पीभवन त्यास थंड ठेवते. भोवतालची हवा कितीही तप्त असली, तरी दाण्याचे तापमान फारसे चढत नाही. पृष्ठभागावरचे पाणी संपले की ते वेगाने वाढू लागते. मायार विक्रियेसही अतिरिक्त पाणी मानवत नाही व पूर्ण कोरडेपणाही मानवत नाही. मधला ओलावा तिला सर्वांत अनुकूल. म्हणजे शुष्कनाच्या उत्तरार्धात, माल जवळजवळ तयार झाला असता, तापमान व ओलावा हे दोन्ही एकाच वेळी धोक्याच्या पट्ट्यात येतात. तापमानाइतकाच काळही महत्त्वाचा आहे. पिंपात चिकटून राहिलेले गोळे व परत फिरविलेला माल यांत नुकसान अधिक होते.

कोटीपोटाचे कोडे : करपलेल्या प्रथिनाचा तोटा उंदीर व कोंबड्या यांच्यावरील प्रयोगांत लवकर दिसला. त्याउलट टी. बी. ऑस्बर्न व एल. बी. मेंडेल यांनी १९१७ मध्ये सोयाबीन शिजविल्याने उंदरांची वाढ सुधारते हे दाखविले होते, म्हणजे उष्णता हितकरही ठरू शकते. रवंथ करणाऱ्या जनावरांबाबत मात्र बराच काळ कोणास चिंता वाटली नाही व त्यामागे शास्त्रीय कारण होते. या जनावरांच्या कोटीपोटात (जठराचा पहिला व सर्वांत मोठा कप्पा) अब्जावधी सूक्ष्मजीव असतात. ते खाद्यातील प्रथिनाचे विघटन करून अमोनिया बनवितात व अमोनियापासून स्वतःची प्रथिने उभारतात. पुढे आतड्यात ते सूक्ष्मजीवच पचविले जातात. नाथान त्सुंट्स यांनी १८९१ मध्ये ही कल्पना मांडली. १९४९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील जे. के. लूस्ली व त्यांचे सहकारी यांनी, केवळ यूरिया हा नायट्रोजनाचा पुरवठा असतानाही कोटीपोटात सर्व आवश्यक ॲमिनो अम्ले तयार होतात असे सिद्ध केले. फिनलंडचे नोबेल पारितोषिक विजेते आर्तुरी व्हिर्तानेन (१८९५–१९७३) यांनी तर १९६६ मध्ये प्रथिनविरहित खाद्यावर गाईंपासून दूध मिळविल्याचे प्रसिद्ध केले. सूक्ष्मजीव सर्व काही बनवीत असतील, तर खाद्यातील प्रथिनाच्या गुणवत्तेची काळजी का करावी, असा निष्कर्ष स्वाभाविकच निघाला.

तो निष्कर्ष बेताचे दूध देणाऱ्या गाईपुरता खरा होता. भरपूर दूध देणाऱ्या गाईची गरज सूक्ष्मजीवांच्या उत्पादनाहून मोठी असते. शिवाय प्रथिन वेगाने विघटित झाले, तर एवढा अमोनिया सूक्ष्मजीवांना वापरता येत नाही. तो रक्तात जातो, यकृतात त्याचे यूरियात रूपांतर होते व बराचसा मूत्रावाटे बाहेर पडतो. आय. डब्ल्यू. मॅक्डॉनल्ड यांनी १९४८ पासून केंब्रिज येथे मेंढ्यांवर हे दाखविले. १९५४ मध्ये ॲबर्डीनच्या रोवेट संशोधन संस्थेतील मार्गारेट चामर्स व त्यांचे सहकारी यांना असे आढळले की, तापवून टणक केलेले केसीन मेंढ्यांनी साध्या केसीनपेक्षा अधिक चांगले वापरले. कमी विद्राव्य झाल्यामुळे ते कोटीपोटातून मोठ्या प्रमाणात सुखरूप सुटले व पुढे आतड्यात पचले.

चोथ्याच्या इतिहासातील हे खरे वळण होय. कोंबडीसाठी ज्यास नुकसान म्हणावे तोच बदल, मर्यादेत असेल तर, गाईसाठी लाभ ठरतो. मर्यादा ओलांडली की प्रथिन कोटीपोटातून सुटते ते शेणापर्यंत सुटतच जाते. मग प्रश्न ‘उष्णता वाईट की चांगली’ एवढाच उरत नाही. किती उष्णता, किती वेळ आणि ती मोजावयाची कशी, असे तीन प्रश्न होतात.

मोजमापाचा शोध : तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर चोथ्याच्या अभ्यासातून न येता वैरणीच्या अभ्यासातून आले. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या बेल्ट्सव्हिल (मेरिलंड) येथील केंद्रात पीटर व्हान सूस्ट हे व्हेंडे पद्धतीतील ‘कच्चा तंतू’ या असमाधानकारक आकड्याऐवजी नवी रीत शोधत होते. १९६३ मध्ये त्यांनी अम्लयुक्त प्रक्षालकात नमुना उकळून तंतू व लिग्निन मोजण्याची पद्धती प्रसिद्ध केली. भट्टीत जास्त तापमानाला वाळविलेल्या नमुन्यांत लिग्निन अकारण वाढलेले दिसू लागले. १९६५ च्या निबंधात त्यांनी याचा उलगडा केला. मायार विक्रियेने बनलेला नायट्रोजनयुक्त बहुवारिक अम्ल-प्रक्षालकात विरघळत नाही व लिग्निनाच्या हिशेबात जमा होतो. प्रयोगशाळेतील नमुने ६०° से.च्या खाली वाळवावेत हा आज सर्वमान्य झालेला दंडक त्यातून आला. विश्लेषणातील हाच दोष पुढे साधन म्हणून उपयोगी पडला. अम्ल-प्रक्षालकात न विरघळणाऱ्या अवशेषातील नायट्रोजन क्येल्डाल रीतीने मोजला म्हणजे उष्णतेने बांधले गेलेले प्रथिन किती ते कळते. एच. के. गोअरिंग, व्हान सूस्ट व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये तापलेल्या वैरणींत हा अविद्राव्य नायट्रोजन व प्रथिनाची पचनीयता यांचा घनिष्ठ व्यस्त संबंध दाखविला. वैरणीतील एकूण नायट्रोजनाच्या १० टक्क्यांहून अधिक भाग या रूपात असेल, तर उष्णतेचे नुकसान झाले असे समजण्याचा प्रघात पडला.

क्येल्डाल रीत येथे रद्द झाली नाही. तिला योग्य जागी बसविले गेले एवढेच. या कसोटीमुळे गंजीत आपोआप तापून तपकिरी झालेल्या गवताचेही गुपित उघड झाले. तंबाखू किंवा जळक्या साखरेसारखा वास येणारे असे गवत गुरे आवडीने खातात व शेतकरी ते उत्तम समजतो. गुरांची आवड आणि पोषण ही नेहमी एकाच बाजूस असतात असे नाही.

दुसरे साधन रोवेट संस्थेने दिले. सच्छिद्र पिशवीत खाद्य भरून ती कोटीपोटात ठेवण्याची कल्पना जुनी होती. १९७९ मध्ये ई. आर. उर्स्कोव्ह व आय. मॅक्डॉनल्ड यांनी पिशवीतून प्रथिन किती वेगाने नाहीसे होते आणि खाद्य कोटीपोटात किती काळ थांबते, यांची सांगड घालणारे समीकरण दिले. ब्रिटनच्या कृषिसंशोधन परिषदेने १९८० मध्ये प्रथिनाचे ‘कोटीपोटात विघटनशील’ व ‘अविघटनशील’ असे दोन भाग करून गरजा मांडल्या. अमेरिकेत राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९८५ व १९८९ च्या अहवालांत तशीच विभागणी स्वीकारली. त्या तक्त्यांत वाळलेल्या बिअर-चोथ्याचे जवळजवळ निम्मे प्रथिन अविघटनशील गटात येते. म्हणजे ज्याकडे शतकभर हलके खाद्य म्हणून पाहिले गेले ते दुभत्या गाईच्या आहारात वरच्या पंक्तीस जाऊन बसले. नेब्रास्का विद्यापीठात टेरी क्लॉप्फेन्स्टाइन यांच्या गटाने मद्यार्क-चोथ्याबाबत हेच काम १९७० नंतर विस्ताराने केले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या अविघटनशीलतेचे सगळे श्रेय शुष्ककाला देता येत नाही. बिअर बनविताना भरडा ६२ ते ७८° से. तापमानात तासनतास भिजत असतो. विद्राव्य प्रथिने अर्काबरोबर निघून जातात आणि मागे हॉर्डीन व ग्लुटेलीन ही अविद्राव्य प्रथिने एकमेकांना बिलगून राहतात. म्हणून ओल्या चोथ्यातील प्रथिनही कोटीपोटात बऱ्याच अंशी टिकते. काळजीपूर्वक शुष्कनाने त्यात काहीशी भर पडते, निष्काळजी शुष्कनाने पचनीयता घटते. दुसरे असे की, वरून गरम पाणी शिंपडून चोथ्यातील बहुतेक शर्करा धुतली गेलेली असते. मायार विक्रियेला लागणारे इंधनच त्यामुळे कमी पडते. मद्यार्काच्या भट्टीतील चोथ्यात परिस्थिती निराळी आहे. तेथे ऊर्ध्वपातनानंतर उरलेला द्रव आटवून त्याचा चिकट पाक चोथ्यावर ओततात व दोन्ही एकत्र वाळवितात. उरलेली शर्करा, यीस्टची प्रथिने व पुनःपुन्हा पिंपात फिरणारा माल यांमुळे करपण्यास भरपूर वाव मिळतो. स्कॉटलंडमधील व्हिस्की उद्योगात अशा मिश्रणास ‘काळे दाणे’ असेच नाव पडले. (त्यांचा आणखी एक दोष उष्णतेशी संबंधित नाही. तांब्याच्या भट्ट्यांतून येणारे तांबे मेंढ्यांना विषारी ठरू शकते.)

मद्यार्क-चोथ्याने अविद्राव्य नायट्रोजनाच्या कसोटीलाही आव्हान दिले. काही नमुन्यांत हा भाग एकूण नायट्रोजनाच्या एक-पंचमांशाहून अधिक आढळे, तरीही जनावरे अपेक्षेपेक्षा चांगली वाढत. स्वतः व्हान सूस्ट यांनी १९८९ मध्ये जुन्या माहितीची फेरतपासणी केली आणि नेब्रास्कातील टी. नाकामुरा व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. वैरणीत जवळजवळ निरुपयोगी ठरणारा हा नायट्रोजन धान्यजन्य खाद्यांत अंशतः पचतो, असे त्यांतून दिसले. ब्रिटनच्या १९९२-९३ च्या चयापचयी प्रथिन पद्धतीत मात्र तो पूर्णपणे अपचनीय धरून वजा करीत. या मतभेदाचा अर्थ कसोटी खोटी आहे असा नव्हे. एका प्रकारच्या खाद्यावर बसविलेला मापदंड दुसऱ्यास लावताना पुन्हा तपासावा लागतो. सौम्य विक्रियेत बांधले गेलेले प्रथिन आतड्यातील अम्ल व एंझाइमांनी काही अंशी सुटते, अति तापलेले सुटत नाही, असा त्याचा उलगडा करतात.

लायसीनाचा प्रश्न : आतड्यात पोचलेले प्रथिन पचले तरी त्यातील ॲमिनो अम्लांचे प्रमाण योग्य असावे लागते. सी. जी. श्वाब व सहकाऱ्यांनी विस्कॉन्सिन येथे १९७६ मध्ये गाईंच्या चौथ्या जठरात ॲमिनो अम्ले थेट सोडून लायसीन व मिथिओनीन ही दूध-प्रथिनाच्या निर्मितीस प्रथम अपुरी पडतात, असे दाखविले. सातू, मका व ज्वारी या सर्वच तृणधान्यांत लायसीन मुळात तुटपुंजे असते आणि उष्णता नेमकी त्याचीच हानी सर्वांत आधी करते. म्हणून ज्या आहारात मका व मद्यार्क-चोथा यांचाच भर असतो तेथे प्रथिनाचा आकडा भरपूर असूनही दूध वाढत नाही. सोयाबीन पेंडीसारख्या लायसीनयुक्त खाद्याची जोड दिली म्हणजे चोथ्याचे गुण प्रकट होतात.

इंधन व ओल्या चोथ्याचे पुनरागमन : १९७३ च्या तेलसंकटानंतर एक टन चोथ्यामागे लागणाऱ्या १७ लाख किलोज्यूलचा हिशेब सर्वांनाच पुन्हा मांडावा लागला. अनेक बिअर कारखान्यांनी शुष्कके बंद करून आसपासच्या गोठ्यांना ओला चोथा विकण्यास सुरुवात केली. शेतकरी तो मक्याच्या वैरणीबरोबर खड्ड्यात किंवा प्लॅस्टिकच्या नळ्यांत दाबून ठेवू लागले. इझ्लिंग्टनच्या गवळ्यांची युक्ती दीडशे वर्षांनी परत आली. याच सुमारास इथेनॉल उद्योगाची वाढ सुरू झाली. अमेरिकेच्या २००५ व २००७ च्या ऊर्जा कायद्यांनंतर ती प्रचंड झाली आणि वाळविलेल्या मद्यार्क-चोथ्याचा जागतिक व्यापार सुरू झाला. समुद्रापार जाणारा माल वाळविल्याशिवाय गत्यंतर नसते. त्यामुळे उष्णतेच्या नुकसानीचा प्रश्न पूर्वी कधी नव्हता एवढा विस्तारला.

महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) व रायगड जिल्ह्यातील तळोजा येथे बिअरचे मोठे कारखाने आहेत. येथील हवामानात ओला चोथा लवकर खराब होतो, त्यामुळे त्याचा वापर जवळच्या गोठ्यांपुरता सोयीचा असतो. २००७ मध्ये राज्य शासनाने धान्यापासून मद्यार्क बनविण्यास उत्तेजन देणारे धोरण आखले. अन्नधान्याच्या अशा वापरावर त्या वेळी मोठा वाद झाला. त्यानंतरच्या काळात, विशेषतः पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत गेल्यापासून, तांदूळ व मका यांचा वाळलेला चोथा ‘डीडीजीएस’ या नावाने दुग्धव्यावसायिकांच्या परिचयाचा झाला आहे व पेंडीपेक्षा स्वस्त म्हणून खपतो. संकरित गाईंच्या वाढत्या दुधामुळे ‘बायपास प्रथिन’ हा शब्दही खेड्यांतून रूढ झाला. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने पेंडीवर फॉर्माल्डिहाइडची प्रक्रिया करून असे खाद्य बनविण्याच्या तंत्राचा प्रसार केला. उष्णता जे काम अंदाजाने करते तेच येथे रसायनाने मोजूनमापून केले जाते.

भारतीय मानकांत मिश्र पशुखाद्यासाठी कच्च्या प्रथिनाचे किमान प्रमाण ठरविले आहे व ते नायट्रोजन मोजूनच ठरते. करपलेला काळपट चोथा घातला तरी पोत्यावरील टक्केवारी भरते. त्यातील न पचणाऱ्या भागाचे पैसे मात्र गाईचा मालक देतो. अम्ल-प्रक्षालकातील अविद्राव्य नायट्रोजनाची चाचणी महाग नाही, परंतु गावपातळीवर ती क्वचितच उपलब्ध असते. तेथे डोळा व नाक हीच साधने आहेत. सोनेरी किंवा फिकट तपकिरी रंग व भाजलेल्या धान्याचा हलका वास हे सौम्य शुष्कनाचे लक्षण आणि कॉफीसारखा गडद रंग व जळक्या साखरेचा वास हे अतितापाचे लक्षण होय. तांदळाच्या व मक्याच्या चोथ्यांचे मूळ रंगच भिन्न असल्याने ही तुलना एकाच धान्याच्या मालांत करावी लागते. शुष्कनाने बुरशीची वाढ थांबते, पण धान्यात आधीच तयार झालेले ॲफ्लाटॉक्सिन त्या उष्णतेने नाहीसे होत नाही. उलट स्टार्च निघून गेल्यामुळे चोथ्यात त्याचे प्रमाण मूळ धान्याच्या सुमारे तिप्पट होते.